जोरात वाजणारा स्पीकर आणि ट्यूब अँपला झेपणारा स्पीकर

३००बी या व्हॅक्यूम ट्यूबचा ८ वॅटचा सिंगल-एंडेड अँप (पूर्ण सिग्नल एकच ट्यूब हाताळते असा अँप्लिफायर) आणलाय, कोणते स्पीकर लावू, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: सेन्सिटिव्हिटी बघ, ९२ डीबीच्या वरचे घे, डोळे झाकून चालतील. हे उत्तर मी इतक्यांदा वाचलंय आणि त्यापायी लोकांनी इतके चांगले अँप वैतागून विकलेले पाहिलेत की आता नीट लिहायलाच बसलो. स्पीकर किती जोरात वाजतो हा एक प्रश्न, आणि तो त्या अँपला झेपतो का हा वेगळाच प्रश्न. पहिल्याचं उत्तर डेसिबलमध्ये मिळतं, दुसऱ्याचं ओहममध्ये, आणि एकावरून दुसरं काढता येत नाही.

डेसिबलचं बहुतेकांना माहीत असतं म्हणून पटकन उरकतो. १ वॅट दिला की १ मीटरवर किती आवाज, ती सेन्सिटिव्हिटी. वॅट दुप्पट केले की ३ डीबी वाढतात, दहापट केले की १० डीबी, म्हणजे ९० डीबीच्या स्पीकरला ८ वॅट दिले की ९९. घरात साधारण आवाजात ऐकताना सरासरी एक वॅटसुद्धा लागत नाही, बाकीचे वॅट पियानोचा जोरदार ठोका किंवा ऑर्केस्ट्रा एकदम उसळतो त्या क्षणासाठी. आणि "ट्यूबचे वॅट मोठे असतात" हे प्लीज बंद करा. वॅट म्हणजे वॅट. फरक वॅट संपतात तेव्हा पडतो, फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला देऊन चूक सुधारणं) नसलेला ट्रायोड (३००बीसारखी साधी ट्यूब) हळूहळू दबत जातो आणि त्यातलं डिस्टॉर्शन मुख्यतः सेकंड हार्मोनिकचं, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचं असतं, म्हणून ते लगेच कानाला टोचत नाही, एवढंच.

डेसिबलच्या आकड्यातही एक खोच आहे. बऱ्याच कंपन्या १ वॅट न म्हणता २.८३ व्होल्ट म्हणतात. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट, पण ४ ओहमला तेच २ वॅट होतात. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरवर ९० लिहिलं असेल तर खऱ्या एका वॅटला ८७ धरा. ज्याच्याकडे मुळात आठच वॅट आहेत त्याला हे ३ डीबी म्हणजे निम्मा अँप.

आता ओहम, कारण घोळ सगळा इथे होतो.

स्पीकरच्या मागे "८ ओहम" लिहिलेलं असतं ते नाममात्र. इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचा सिग्नलला होणारा विरोध, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. (मल्टिमीटर लावून ५.८ आलं म्हणून स्पीकर ६ ओहमचा ठरवणारे भेटतात, तो नुसता डीसी रेझिस्टन्स असतो, इम्पीडन्स नाही.) आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकाप्रमाणे इम्पीडन्स नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे ८ लिहिलं तर ६.४ च्या खाली नाही, पण ८ लिहून ४ पर्यंत उतरणारे स्पीकर सर्रास विकले जातात. आणि वरच्या बाजूला तोच आकडा बासमध्ये आणि क्रॉसओव्हरपाशी (जिथे आवाज वूफरकडून ट्वीटरकडे जातो) २५-३० वर चढतो.

ट्रान्झिस्टर अँपला या चढउताराने फारसा फरक पडत नाही कारण त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स ०.०५ ओहमच्या आसपास. फीडबॅक नसलेल्या सिंगल-एंडेड ट्रायोडचा मात्र ८ ओहमच्या टॅपवर (अँपमागे स्पीकरची वायर लावायच्या जागेवर) २-३ ओहम सहज असतो. अँपच्या आत स्पीकरच्या ओळीत २.५ ओहमचा रेझिस्टर बसलाय असं समजा. व्होल्टेज त्या दोघांत वाटलं जातं, स्पीकर ४ ओहमवर असेल तिथे त्याच्या वाट्याला ६२ टक्के, ३० वर असेल तिथे ९२ टक्के. हा फरक साडेतीन डीबीचा. ट्रान्झिस्टरवर हाच फरक ०.१ डीबीसुद्धा नाही. म्हणजे ट्यूब अँपवर स्पीकरचा इम्पीडन्सचा आलेखच तुमचा इक्वलायझर होतो, तुम्हाला नको असला तरी. एकच अँप एकाला "काय मिड्स आहेत" वाटतो आणि दुसऱ्याला "बास नुसता घुमतो" वाटतो ते यामुळे, दोघंही खरं बोलत असतात. ज्याला आपण ट्यूबचा गोडवा म्हणतो त्यातला चांगला मोठा भाग कित्येकदा क्रॉसओव्हरपाशी इम्पीडन्स वर गेल्यामुळे आलेला असतो.

माझ्याकडेच झालं होतं. ९३ डीबीचे पोर्टेड (खोक्याला बाससाठी भोक असलेले) स्पीकर, आवाजाला अजिबात कमी नाही, पण डबल बासचं एक रेकॉर्डिंग लावलं आणि वादक ई तारेवरून डी तारेवर आला की तो स्वर एकदम फुगायचा, दोन पावलं पुढे येऊन उभा राहायचा. मी आधी खोलीला दोष दिला, मग ट्यूबला, नवी जोडी पण घातली. आलेख पाहिला तेव्हा कळलं: मोकळी डी तार ७३ हर्ट्झ आणि नेमकं ७० पाशी इम्पीडन्सचं शिखर, ३० ओहमचं. मोकळी ई तार ४१ हर्ट्झ, तिथे पोर्टचं ट्यूनिंग, म्हणजे आलेख खड्ड्यात. ९३ डीबीच्या आकड्यात यातलं काहीही दिसत नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणजे बीबीसीने १९७०च्या दशकात डिझाइन केलेला एलएस३/५ए स्पीकर. सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८२-८३, कागदावर बघून कुणी ट्यूबजवळ नेणार नाही, पण मूळचा १५ ओहमचा, त्यामुळे अँपला हलका. लहान खोलीत जवळ बसून ईएल८४ ट्यूबच्या पुश-पुल (दोन बाजूंच्या ट्यूब मिळून सिग्नल हाताळतात असा) अँपच्या १०-१५ वॅटवर तो सुंदर वाजतो. उसळणारा ऑर्केस्ट्रा मागू नका, माणसाचा आवाज ऐका. मला विचाराल तर ९५ डीबीचा उड्या मारणारा आलेख नको, ८८ डीबीचा सपाट द्या.

सिंगल-एंडेडची अजून एक मर्यादा आहे जी ओहम जुळवूनही जात नाही. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून (ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधल्या) डीसी करंट एकाच दिशेने वाहतो, म्हणून कोअरमध्ये, म्हणजे त्याच्या लोखंडी गाभ्यात, फट ठेवावी लागते, फटीमुळे इंडक्टन्स कमी होतो, आणि १ किलोहर्ट्झला मिळणारे ८ वॅट ३० हर्ट्झला स्वच्छ मिळतीलच असं नाही. पुश-पुलमध्ये दोन बाजूंचा डीसी एकमेकाला काटतो. पाइप ऑर्गन ऐकणाऱ्याने सरळ पुश-पुल घ्यावा, आणि थोडा फीडबॅक असेल तर नाक मुरडू नये. फीडबॅक म्हणजे पाप ही समजूत मला कधीच पटलेली नाही, त्याने आउटपुट इम्पीडन्स खाली येतो आणि तेच तर हवंय.

आहे तोच अँप आणि तेच स्पीकर ठेवायचे असतील तर ८ ओहमच्या स्पीकरची वायर ४ च्या टॅपवर लावून बघा. अँपचा इम्पीडन्स साधारण निम्मा होतो, वरच्या हिशोबातले साडेतीन डीबी दोनवर येतात, वॅट थोडे जातात. टॅप बदलताना अँप बंद करा आणि वायर पक्की आहे याची खात्री केल्याशिवाय चालू करू नका, कारण स्पीकर न जोडता ट्यूब अँपला सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. माझ्याकडे त्या संध्याकाळी व्हॉल्यूम थोडा वर न्यावा लागला, पण डी तार बाकीच्या तारांच्या रांगेत जाऊन बसली.