मोनार्कचा रातमुक्काम

ऑगस्ट सरत आला की कॅनडातल्या पॉइंट पीलीच्या टोकावर लोक संध्याकाळी माना वर करून उभे दिसतात. ईरी सरोवरात निमुळती होत गेलेली ही जमीन म्हणजे कॅनडाच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक. पलीकडे अमेरिकेचा किनारा, मध्ये पन्नासेक किलोमीटर पाणी. हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे निघालेली केशरी मोनार्क फुलपाखरं वारा समोरून असला की ते ओलांडायला धजत नाहीत आणि झाडांचा आडोसा धरतात.

दिवसभर ही फुलपाखरं एकेकटीच उडतात. सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी मात्र एक येऊन फांदीला लटकतं, मग त्याच्या शेजारी दुसरं. मिटलेल्या पंखांची बाहेरची बाजू फिकी असते, त्यामुळे झाडाला वाळकी पानं लागल्यासारखी दिसतात. एवढ्यात नवीन पाहुणा टेकतो, शेजारचे दचकून पंख उघडतात आणि क्षणभर अख्खी डहाळी केशरी होते. पालखीसारखी मुक्कामाची ठिकाणं ठरलेली नसतात. यंदा भरलेलं झाड पुढच्या वर्षी रिकामंही असू शकतं.

असे मुक्काम लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले होते. सकाळी ऊन अंगावर घेऊन उठलेली ही फुलपाखरं पुढे जातात कुठे, हे मात्र ठाऊक नव्हतं. टोरांटोचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट १९३७ पासून याच प्रश्नामागे लागले. जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या जीवावर पत्ता लिहायचा कसा? तिकिटासारखे डिंकाचे कागद पावसात गळून पडले. शेवटी दुकानात वस्तूंवर किंमत डकवायला वापरतात तसल्या चिकट चिठ्ठीने काम भागलं. पंखाच्या पुढच्या कडेवरचे खवले हलकेच पुसायचे, चिठ्ठी दुमडून चिकटवायची आणि फुलपाखरू सोडून द्यायचं. चिठ्ठीवर क्रमांक आणि टोरांटो विद्यापीठाला कळवा एवढाच निरोप. १९५२ मध्ये अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी स्वयंसेवकांना हाक दिली, तेव्हा पुढे आले डझनभर. पुढे ही संख्या हजारांवर गेली.

सापडलेल्या चिठ्ठ्या नकाशावर मांडल्यावर रेघा टेक्सासकडे आणि त्याही खाली मेक्सिकोकडे झुकू लागल्या. नोरांनी मेक्सिकोतल्या वृत्तपत्रांना पत्रं लिहिली. त्यांना मेक्सिकोत राहणाऱ्या केन ब्रुगर या अमेरिकन माणसाने उत्तर दिलं. ते आणि मेक्सिकोतल्याच मिचोआकान राज्याच्या कातालिना आग्वादो डोंगर पालथे घालत फिरले आणि २ जानेवारी १९७५ रोजी सेरो पेलोन या डोंगरावर पोहोचले. ओयामेल फर या सूचिपर्णी वृक्षाची झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लाखो मोनार्कांनी मढलेली होती. ब्रुगर रंगांध होते असं सांगतात. तसं असेल तर ते केशरी दृश्य त्यांना कसं दिसलं असेल, कोण जाणे.

या सगळ्याला ‘शोध’ म्हणताना जीभ थोडी अडखळते. तिथल्या मासावा आणि पुरेपेचा या मूलनिवासी लोकांना ही फुलपाखरं केव्हापासूनच माहीत होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणाच्या सुमारास ती येतात, म्हणून ते पूर्वजांचे आत्मे घरी आले असं मानतात. माहीत नव्हतं ते वेगळंच. ही कुठून येतात? त्याचं उत्तर जानेवारी १९७६ मध्ये मिळालं. चौसष्ट वर्षांचे अर्कहार्ट धापा टाकत तीन हजार मीटर उंचीवर चढले. तिथे भाराने मोडून पडलेल्या फांदीवरच्या फुलपाखरांत त्यांना चिठ्ठी लावलेलं एक फुलपाखरू दिसलं. ते आदल्या ऑगस्टमध्ये मिनेसोटातल्या चास्का गावाहून निघालं होतं!

मुक्कामी येणारी ही पिढीच वेगळी असते. उन्हाळ्यातली मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतात. ही आठ-नऊ महिने तग धरते आणि हिवाळा सरेपर्यंत अंडी घालत नाही. अळ्या खातात फक्त मिल्कवीड. हे झाड आपल्या रुईचं सोयरं, आणि रुईवर वाढणारं आपल्याकडचं प्लेन टायगर फुलपाखरू हे मोनार्कचं चुलतभावंड.

मेक्सिकोतल्या मोजणीत १९९६-९७ च्या हिवाळ्यात फुलपाखरांनी १८ हेक्टर जंगल व्यापलं होतं. २०१३-१४ मध्ये उरलं ०.६७ हेक्टर. तणनाशकाला दाद न देणारा मका आणि सोयाबीन आल्यावर शेतातलं मिल्कवीड गेलं, हे त्याचं ठरलेलं कारण. जंगलतोडीचंही नाव निघतं. पण उन्हाळ्यातल्या मोजण्यांत तेवढी घट दिसत नाही, असं काही अभ्यासक म्हणतात. मग नुकसान वाटेत होतं का?

इथे नजर पुन्हा मुक्कामांकडे वळली. ‘जर्नी नॉर्थ’ या उपक्रमात हौशी लोक मुक्काम दिसला की अंदाजे संख्या कळवतात. एका फांदीवरची मोजायची आणि फांद्यांनी गुणायचं. सतरा वर्षांच्या अडीच हजारांहून अधिक नोंदी जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासल्या आणि निष्कर्ष २०२४ मध्ये छापले. मुक्कामांचा आकार ऐंशी टक्क्यांपर्यंत घटला आहे, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं तशी ही घट वाढत जाते.