चश्म्याच्या भिंगावरील परावर्तनरोधक लेप

चश्म्याच्या भिंगाच्या दोन्ही बाजूंना निर्वात कोठीत चढवलेला, ऑक्साइडांच्या अतिशय पातळ थरांचा लेप. भिंगावर आदळून परत फिरणारा प्रकाश तो जवळजवळ नाहीसा करतो आणि तेवढा प्रकाश भिंगातून पलीकडे जातो. आपल्याकडच्या चश्म्याच्या दुकानांत याला ‘एआरसी’ (अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग) किंवा ‘अँटी-ग्लेअर’ म्हणतात. दुसरे नाव थोडे दिशाभूल करणारे आहे. भर दुपारी डांबरी रस्त्यावरून किंवा पाण्यावरून येणारी तिरीप हा लेप थांबवत नाही. त्यासाठी ध्रुवित (पोलराइज्ड) काचांचा गॉगल लागतो. लेपाचा संबंध आहे तो खुद्द भिंगावर उमटणाऱ्या प्रतिबिंबांशी.

लेप आहे की नाही, हे घरीच पाहता येते. चश्मा ट्यूबलाइटखाली तिरका धरावा. साध्या भिंगावर पांढरीशुभ्र, लखलखीत ट्यूब उमटते, तीही दोनदा: एक पुढच्या बाजूवरून, एक मागच्या. लेप असेल तर त्याच जागी फिकट हिरवी किंवा निळसर रेघ दिसते आणि तिच्या आरपार पलीकडचे टेबल दिसत राहते.

प्रकाश हवेतून भिंगात शिरताना थोडा परततो, बाहेर पडतानाही थोडा परततो. किती, ते भिंगाच्या अपवर्तनांकावर, म्हणजे भिंग प्रकाश किती वाकवते ते सांगणाऱ्या आकड्यावर ठरते. १.५ अपवर्तनांकाच्या साध्या प्लास्टिकच्या भिंगात दर पृष्ठभागाला सुमारे ४ टक्के, म्हणजे एकूण जवळपास ८ टक्के प्रकाश वाया जातो. मोठ्या नंबरवाल्यांना जाड काचा नकोत म्हणून १.६७ किंवा १.७४ अपवर्तनांकाची पातळ भिंगे देतात. त्यांत हा तोटा अनुक्रमे सुमारे १२ आणि १४ टक्क्यांवर जातो. म्हणून पातळ भिंग घ्यायचे आणि लेपाचे पैसे वाचवायचे, हा व्यवहार उलटा पडतो: भिंग जितके पातळ, तितकी लेपाची गरज जास्त. चांगल्या बहुस्तरीय लेपाने परावर्तन दर पृष्ठभागाला एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते.

आठ टक्के उजेड वाढला, हा फायदा दिवसा जाणवतही नाही. डोळा तेवढे सहज सांभाळून घेतो. खरा फायदा रात्री कळतो. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून गाडी येते तेव्हा तिच्या दिव्याचा प्रकाश भिंगाच्या मागच्या बाजूवरून परततो, पुढच्या बाजूवर पुन्हा आपटतो आणि दोन उड्या मारून डोळ्यात शिरतो. दर उडीला ४ टक्के धरले तर हा प्रकाश मूळच्या ०.१६ टक्के भरतो. आकडा क्षुल्लक वाटेल. पण भोवताली काळोख आणि दिवा प्रखर असल्यामुळे तेवढ्यानेही दिव्याशेजारी दुसरा अंधूक दिवा तरंगताना दिसतो. रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस नेमका त्या भुताटकी उजेडात हरवू शकतो. परावर्तन एका टक्क्यावर आले की तीच प्रतिमा सोळा पटींनी फिकी पडते. रात्री गाडी चालवणाऱ्याला चश्म्यात एकच जादा गोष्ट परवडत असेल, तर ती हीच असावी.

मागून येणारा प्रकाशही त्रास देतो. पाठीमागे खिडकी असेल तर ती भिंगाच्या आतल्या बाजूवर उमटते आणि संगणकाच्या पडद्यावरच्या अक्षरांवर चढते. गॉगलच्या गडद काचेत तर स्वतःचाच डोळा आणि गाल दिसू लागतो. म्हणून गॉगलला निदान आतल्या बाजूने लेप असणे उपयोगाचे. समोरच्या माणसाचाही यात लाभ आहे. लेप असलेल्या चश्म्यामागचे डोळे स्पष्ट दिसतात, फोटोत किंवा व्हिडिओ कॉलवर डोळ्यांच्या जागी दोन पांढरे चौकोन येत नाहीत. मोठ्या उणे नंबरच्या भिंगात कडेला दिसणारी वर्तुळेही फिकी होतात.

लेप प्रकाश शोषत नाही. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या दोन लाटा एकमेकींच्या विरुद्ध पडतील इतकीच त्याची जाडी ठेवतात. व्यतिकरणाने त्या लाटा एकमेकींना खोडतात आणि ती ऊर्जा भिंगातून पुढे जाते. एका थराच्या लेपात ही जाडी त्या थरातल्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असते. हिरव्या प्रकाशासाठी मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर सुमारे १०० नॅनोमीटरचा लागतो, केसाच्या जाडीच्या काहीशेव्या हिश्शाएवढा. पण एक थर एकाच रंगाला नीट खोडतो. उरलेला तांबडा आणि निळा मिळून जांभळट झाक देतात. जुन्या कॅमेऱ्यांच्या भिंगांवर ती अजून दिसते. शिवाय मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर टणक व्हायला काच बरीच तापवावी लागते, आणि ते प्लास्टिकला सोसत नाही. म्हणून चश्म्याच्या भिंगावर सिलिका आणि झिर्कोनिया किंवा टिटॅनिया या ऑक्साइडांचे थर आलटूनपालटून देतात. त्यांच्याखाली ओरखडे रोखणारा हार्ड कोट आणि सर्वांत वर पाणी व तेल झटकणारा थर असतो.

या शोधाची सुरुवात एका निरीक्षणातून झाली. जुनी, हवेने काळवंडलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश पलीकडे सोडते, हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८८६ मध्ये नोंदवले. इंग्लंडमधल्या डेनिस टेलर यांनी १९०४ मध्ये भिंगे रसायनांनी मुद्दाम काळवंडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. निर्वातात लेप चढवण्याची रीत अलेक्झांडर स्माकुला यांनी जर्मनीतल्या झाइस कंपनीत १९३५ मध्ये साधली. लष्करी दुर्बिणींसाठी ती गुप्त ठेवली गेली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या कॅथरीन ब्लॉजेट यांनी १९३८ मध्ये बेरियम स्टिअरेटचे रेणूजाडीचे ४४ थर एकावर एक चढवून परावर्तन न करणारी काच तयार केली. त्यांचा लेप पुसला की निघून जाई, पण जाडी थराथराने मोजून चढवता येते हे त्यांनी दाखवून दिले.

दुकानात लेपाबरोबर ‘ब्लू कट’, म्हणजे निळा प्रकाश गाळणारे भिंगही सुचवतात. ही वेगळी गोष्ट आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या होत्या. संगणकावर काम करताना डोळ्यांवर येणारा ताण निळा प्रकाश गाळणाऱ्या भिंगांनी साध्या भिंगांपेक्षा कमी होतो, असे त्यात आढळले नाही. परावर्तनरोधक लेपानेही नंबर कमी होत नाही की डोळ्याचा आजार टळत नाही.

लेपाच्या काचेवर बोटांचे ठसे जास्त दिसतात, अशी तक्रार सर्रास ऐकू येते आणि ती खरी आहे. तेलाचा पातळ पापुद्रा व्यतिकरण बिघडवतो, आणि भोवतीची काच चमकत नसल्यामुळे डाग उठून दिसतो. सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने कोरडे पुसू नये. कापडातली धूळ चरे पाडते. आधी नळाखाली धरावे, भांड्यांच्या द्रवसाबणाचा एक थेंब बोटाने फिरवावा, धुवावे आणि मग मऊ मायक्रोफायबरने टिपावे. लेपाचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चश्मा राहिला की प्लास्टिक फुगते, वरचे ऑक्साइडांचे थर तेवढे ताणले जात नाहीत आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. त्या पुसून जात नाहीत. भिंगच बदलावे लागते.