कंत्राटदारांच्या यंत्रविम्याची पार्श्वभूमी

पोकलेन मशीन खाणीच्या कडेवरून घसरून उलटले, तर विमा कंपनी दुरुस्तीचा खर्च देते. त्याच मशीनचा हायड्रॉलिक पंप काम चालू असताना आपोआप निकामी झाला, तर मात्र दावा नामंजूर होतो. नुकसान दोन्हीकडे लाखांतच असते. त्यामुळे कंत्राटदाराला हा अन्याय वाटतो आणि ते स्वाभाविकही आहे, परंतु या भेदाचे मूळ फार जुने आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कापड गिरण्यांत वाफेचे बॉयलर फुटून कामगार दगावत असत. विल्यम फेअरबर्न या अभियंत्याच्या पुढाकाराने 1854 मध्ये मँचेस्टरला बॉयलरच्या नियमित तपासणीसाठी संघटना उभी राहिली आणि पुढच्या काही वर्षांतच त्याच शहरात बॉयलरचा विमा उतरवणारी कंपनीही निघाली. जर्मनीत आलियान्झ कंपनीने 1900 च्या सुमारास यंत्रबिघाडाचा विमा आणला. या दोन्ही विम्यांत यंत्र कारखान्यात पायावर पक्के बसवलेले असे, त्याच्या देखभालीची नोंद राहत असे आणि म्हणूनच त्याच्या आतल्या बिघाडाची जोखीम मोजता येत असे.

कंत्राटदाराचे यंत्र असे एका जागी राहत नाही. ते आज धरणावर, उद्या घाटरस्त्यावर असते, चालक बदलतात आणि रात्री ते उघड्यावरच उभे असते. लंडनच्या लँबेथ पुलासाठी 1929 मध्ये बांधकामाची पहिली सर्वजोखीम पॉलिसी दिली गेली, असे मानले जाते. जे स्पष्टपणे वगळलेले नाही, त्या सगळ्याची भरपाई द्यायची, हे तिचे सूत्र होते. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधकामात यंत्रांचा वापर झपाट्याने वाढला आणि हेच सूत्र घेऊन यंत्रांसाठी वेगळी पॉलिसी घडत गेली. बिघाडाचा विमा आधीपासून वेगळा मिळत होताच, तेव्हा या पॉलिसीने तो बाहेर ठेवला.

भारतात 1 जानेवारी 1973 पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. अभियांत्रिकी विम्याचे दर आणि कलमे दर सल्लागार समिती (टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी) ठरवत असे, त्यामुळे कंत्राटदारांच्या यंत्रांची सीपीएम (काँट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी) पॉलिसी कुठल्याही कंपनीकडे गेले तरी जवळजवळ सारखीच मिळे. 1 जानेवारी 2007 पासून दर मोकळे झाले, पण कलमांचा गाभा तोच राहिला.

ती कलमे विचारपूर्वक जुळवलेली आहेत, असे मला वाटते. बिघाड वगळलेला असला, तरी त्या बिघाडामुळे अपघात होऊन यंत्राचे बाहेरून नुकसान झाले, तर त्या नुकसानाची भरपाई मिळते. क्रेनचा ब्रेक निकामी झाला, तर ब्रेकचे पैसे मिळत नाहीत. मात्र त्यामुळे क्रेन कोसळून बूम म्हणजे तिचा लांब हात वाकला, तर बूमची दुरुस्ती दाव्यात बसते. टायर, वायररोप, पट्टे, ड्रिलचे बिट हे झिजणारेच भाग, म्हणून ते एकटेच खराब झाले तर वगळले जातात.

खरा घोळ होतो तो विमा रकमेत. यंत्र जुने असले, तरी तसेच नवे यंत्र आज वाहतूक व करांसह ज्या किमतीला पडेल, त्या किमतीचा विमा हवा. समजा, नव्या यंत्राची किंमत 60 लाख रुपये आहे आणि हप्ता वाचवण्यासाठी 30 लाखांचाच विमा घेतला, तर 4 लाखांच्या दुरुस्तीवर हिशेब निम्म्याचा म्हणजे 2 लाखांचा होतो आणि त्यातूनही ठरलेली वजावट, म्हणजे कंत्राटदाराने स्वतः सोसायचा वाटा, जाते. सुट्या अवजारांची गत याहून बिकट असते. पॉलिसीला जोडलेल्या यादीत मेक, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहिलेला असतो. व्हायब्रेटर, ग्राइंडर, ब्रेकर ही यंत्रे बहुतेकदा त्या यादीत चढवलेलीच नसतात आणि साइटवरून सर्वांत आधी चोरीला जातात तीच.