गरुडाची खरी परीक्षा

‘गरुड 40व्या वर्षी डोंगरावर जाऊन चोच फोडतो आणि पुन्हा तरुण होतो’ हा मजकूर गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरला. धादांत खोटा आहे तो. चोच फुटलेला गरुड उपाशी मरेल. अमेरिकेतल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचे, म्हणजे बाल्ड ईगलचे बघा. न्यूयॉर्क राज्यात 2015 मध्ये गाडीच्या धडकेने मेलेल्या एका गरुडाच्या पायात लहानपणी घातलेले वळे होते. त्यावरून वय निघाले 38. इतके विक्रमी आयुष्य लाभलेला पक्षीही चाळिशीला पोचला नव्हता!

या पक्ष्याचा कसोटीचा काळ म्हणजे पहिली काही वर्षे. तीन महिन्यांचे होण्याआधीच पिल्लू उडू लागते. डोके पांढरे व्हायला मात्र पाच वर्षे लागतात, आणि तोवर ते भटकत राहते. कुठे, हे वळ्यावरून कळत नाही. म्हणून उडण्याआधी, घरट्यातच त्याच्या पाठीवर ट्रान्समीटर बांधतात. टेफ्लॉनच्या पट्ट्या छातीवर सुती दोऱ्याने शिवलेल्या असतात, म्हणजे दोरा कुजला की ओझे आपोआप गळून पडते. वजन शरीराच्या 3 टक्क्यांच्या आत ठेवायचे. 4 किलोच्या पक्ष्याला जास्तीत जास्त 120 ग्रॅम.

मला भुरळ पडते ती उपग्रहावरून जागा शोधणाऱ्या जुन्या आर्गोस पद्धतीची. यात ट्रान्समीटरला स्वतःची जागा ठाऊकच नसते. तो 401.65 मेगाहर्ट्झवर नुसता संदेश सोडत राहतो. सुमारे 850 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह जवळ येताना ही वारंवारता किंचित वाढलेली भासते, दूर जाताना घटलेली. फलाटाच्या कडेला उभे राहून न थांबणाऱ्या गाडीची शिट्टी ऐका. गाडी समोरून जाताच सूर झपकन उतरतो. तीच शिट्टी दूरच्या शेतातून ऐकली तर सूर हळूहळू घसरतो. म्हणजे उताराच्या तीव्रतेत अंतर दडलेले असते! मात्र उत्तरे दोन येतात, एक उपग्रहाच्या वाटेच्या डावीकडे आणि एक उजवीकडे. त्यातले खरे कोणते, हे ठरवायला पृथ्वीचे फिरणे आणि पक्ष्याची आधीची जागा उपयोगी पडते. शिवाय पक्षी स्वतःच उडत असेल तर त्याचा वेगही हिशेबात मिसळतो आणि जागा चुकते. म्हणूनच आता जीपीएस आले. ते नोंदी साठवते आणि मोबाइलची रेंज मिळाली की पाठवते.

1957 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफनबाख या भौतिकशास्त्रज्ञांनी स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या ‘बीप’चा उतरता सूर मोजून त्याची कक्षा काढली होती. 1980च्या दशकात याच प्रयोगशाळेने गरुडाच्या पाठीवर ट्रान्समीटर चढवला. आता बीप जमिनीकडून येत होता आणि ऐकणारा आकाशात होता.

नकाशावरचा ठिपका बरेच दिवस एकाच जागी थांबला, तर दोरा कुजला असेल किंवा पक्षी मेला असेल. ते पाहायला माणसालाच चिखल तुडवत तिथवर जावे लागते.