पॅलेस्टाईनविषयीची भारतीय आस्था: खिलाफतीपासून १९४७ च्या मतदानापर्यंत

पॅलेस्टिनी जनतेविषयी भारतात जी आस्था दिसते, तिचे मूळ सहसा स्वातंत्र्योत्तर परराष्ट्र धोरणात शोधले जाते. प्रत्यक्षात ते पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जाते. २ नोव्हेंबर १९१७ च्या बेलफोर जाहीरनाम्याने, बहुसंख्य रहिवासी अरब असलेल्या पॅलेस्टाईनच्या भूमीत ज्यूंचे राष्ट्रीय निवासस्थान उभारण्यास ब्रिटनने पाठिंबा दिला. पुढल्या सप्टेंबरात ब्रिटिशांसाठी तिथले हैफा बंदर तुर्कांकडून जिंकले ते जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने. स्वतः पारतंत्र्यात असलेल्यांच्या हातून आणखी एक देश परक्या सत्तेखाली गेला, ही वेदना या इतिहासाच्या आरंभीच आहे.

तुर्कस्तानच्या सुलतानाचे खलिफापद, म्हणजे मुस्लिम जगाचे धार्मिक नेतृत्व, टिकवण्यासाठी युद्धानंतर उभ्या राहिलेल्या खिलाफत चळवळीचे मोठे केंद्र मुंबई होते. भायखळ्याचे खिलाफत हाऊस आजही त्याची साक्ष देते. चळवळीचा युक्तिवाद धार्मिक होता. पवित्र स्थळे असलेला जझिरत-उल-अरब हा प्रदेश, आणि त्यात पॅलेस्टाईनही, मुस्लिमेतर सत्तेच्या ताब्यात जाता कामा नये, असे तिचे म्हणणे होते, आणि गांधीजींनी १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’तून ते उचलून धरले. या श्रद्धेने लाखो माणसे साम्राज्याविरुद्ध उभी केली, हे तिचे मोठेपण मान्य करूनही तिची मर्यादा सांगितली पाहिजे: तिच्यात खलिफाला आणि पवित्र स्थळांना जागा होती, पण पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसच्या शेतकऱ्याला किंवा ख्रिस्ती अरबाला फारशी नव्हती. खुद्द पॅलेस्टाईनमध्ये मात्र मुस्लिम-ख्रिस्ती संघटना एकत्रितपणे बेलफोर जाहीरनाम्याचा विरोध करीत होत्या.

३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली आणि चळवळीचा आधार गेला, तरी जेरुसलेमशी जडलेले नाते तुटले नाही. अल-अक्सा मशिदीच्या दुरुस्तीसाठी भारतातून निधी गेला; त्यात, मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता त्या हैदराबादच्या निजामाचीही देणगी होती. गोलमेज परिषदेत ‘स्वातंत्र्य द्या, नाहीतर कबरीसाठी जागा द्या’ अशा आशयाचे भाषण करणारे मौलाना मुहम्मद अली जानेवारी १९३१ मध्ये लंडनमध्ये वारले, आणि त्यांचे दफन जेरुसलेमच्या हरम-अल-शरीफमध्ये, म्हणजे अल-अक्साच्या पवित्र आवारात, झाले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचे बंधू शौकत अली यांनी जेरुसलेमचे मुफ्ती (प्रमुख मुस्लिम धर्माधिकारी) अमीन अल-हुसैनी यांच्यासोबत तेथे जागतिक इस्लामी परिषद भरवली.

खरे वळण १९३६ मध्ये आले. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला पॅलेस्टिनी अरबांचा संप, त्यानंतरचा उठाव, आणि तो मोडण्यासाठी ब्रिटिशांनी योजलेले आणीबाणीचे कायदे, सामूहिक दंड आणि फाशीच्या शिक्षा हे सारे भारतीयांना ओळखीचे होते. काँग्रेसने पॅलेस्टाईन दिन पाळला. हा धर्माधर्मांतला तंटा नसून साम्राज्यशाही आणि राष्ट्रवाद यांचा संघर्ष आहे, अशी मांडणी नेहरूंनी केली.

२६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी लिहिले, की इंग्लंड जसे इंग्रजांचे आणि फ्रान्स जसे फ्रेंचांचे, तसेच पॅलेस्टाईन अरबांचे आहे. १९२१ च्या युक्तिवादापासून हे फार दूरचे पाऊल होते, कारण आता हक्काचा आधार खिलाफत नसून त्या भूमीवर राहणारी माणसे होती. त्याच लेखात त्यांनी ज्यूंविषयी मनापासून सहानुभूती व्यक्त केली. मात्र नाझी छळाखालील ज्यूंना सत्याग्रहाचा जो सल्ला दिला, तो मार्टिन बूबर यांच्यासारख्या ज्यू विचारवंतांना असह्य वाटला, आणि त्यांचा तो आक्षेप मला रास्त वाटतो. पण त्यामुळे पॅलेस्टाईनविषयीचे मूळ विधान कमकुवत होत नाही. सगळे भारतीय राष्ट्रवादी या मताचे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. सावरकरांनी ज्यू राज्याचे उघड समर्थन केले.

१९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टाईनविषयक विशेष समितीत भारताचे अब्दुर रहमान यांनी इराण आणि युगोस्लाव्हियाच्या प्रतिनिधींसह, फाळणीऐवजी अरब आणि ज्यू घटकांचे एकच संघराज्य असावे अशी अल्पमताची योजना मांडली. ती मागे पडली, आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. तीनच महिन्यांपूर्वी रक्तरंजित फाळणीतून वेगळे झालेले भारत आणि पाकिस्तान, हे दोन्ही देश त्या १३ जणांत होते.