धुऊन गेलेला मेद आणि बंद पडलेलं प्रथिन

पेशीपटलातलं एखादं प्रथिन डिटर्जंटने, म्हणजे मेद विरघळवणाऱ्या साबणासारख्या रसायनाने, सोडवून घेतलं, स्तंभातून शुद्ध केलं, जेलवर पाहिलं तर एकच स्वच्छ पट्टा दिसतो. तरीही ते काम करत नाही. पटल-प्रथिनांच्या प्रयोगशाळांना हा अनुभव नवा नाही. अनेकदा प्रथिनाची घडी शाबूत असते, पण त्याच्याभोवतीचा मेद धुऊन गेलेला असतो.

सिंगर आणि निकोल्सन यांचं १९७२ सालचं प्रतिमान पाठ्यपुस्तकांत हमखास सापडतं: मेदरेणूंचा दुहेरी थर आणि त्यात तरंगणारी प्रथिनं. चित्र चुकीचं नाही, पण ते पाहून मेद म्हणजे नुसतं भरण अशी समजूत होते, आणि ती समजूत चुकीची आहे.

आधी जाडीचा हिशेब पाहू. थराचा मधला, पाण्याला दूर ठेवणारा भाग सुमारे ३ नॅनोमीटर जाड असतो. प्रथिनाची साखळी तो ओलांडताना बहुधा सर्पिल रूप घेते, आणि सर्पिलाची लांबी दर अमिनो आम्लामागे ०.१५ नॅनोमीटरने वाढते. म्हणजे पार जायला साधारण २० अमिनो आम्लं लागतात. जनुकाच्या क्रमावरून पटल-प्रथिनं ओळखणाऱ्या आज्ञावल्या जलविरोधी अमिनो आम्लांचा असाच सलग तुकडा शोधतात. ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन पाणी व मेद यांच्या सीमेवर रेंगाळतात. धनभारित लायसिन आणि आर्जिनिन बहुतेक वेळा पेशीच्या आतल्या बाजूला राहतात.

थर आणि प्रथिन यांची मापं जुळली नाहीत तर? थर पातळ पडला की प्रथिनाचा जलविरोधी भाग पाण्यात उघडा पडू लागतो. ते टाळण्यासाठी लगतचे मेदरेणू ताणले जातात, सर्पिल तिरकं होतं, किंवा प्रथिनं एकमेकांना चिकटून गठ्ठे करतात. यातलं काहीही झालं तरी प्रथिनावर ताण येतो. स्नायूपेशीतल्या कॅल्शियम पंपावर हे मोजलेलं आहे. मेदरेणूचं डोकं तेच ठेवून फक्त शेपट्यांची लांबी बदलली, तर १८ कार्बनच्या शेपट्यांमध्ये पंप जोमात चालतो. १४ किंवा २४ कार्बनला त्याचा वेग बराच घसरतो.

प्रथिनाला खेटून असलेल्या मेदाचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. एक म्हणजे भोवतीचं कडं. कॅल्शियम पंपाभोवती असे सुमारे ३० रेणू मावतात. ते तिथे टिकून राहत नाहीत. सेकंदाला साधारण एक कोटी वेळा बाजूच्या रेणूंशी जागा बदलतात. दुसरा प्रकार म्हणजे प्रथिनाच्या खाचेत नेमका बसणारा मेद. तंतुकणिकेच्या आतल्या पटलातलं कार्डिओलिपिन हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण: चार शेपट्या, दोन फॉस्फेट. एडीपी आणि एटीपी या पेशीच्या ऊर्जा-व्यवहारातल्या रेणूंची ने-आण करणाऱ्या वाहक-प्रथिनाला असे तीन रेणू इतके घट्ट धरून असतात की सौम्य डिटर्जंटने ते सुटत नाहीत. कार्डिओलिपिनच्या शेपट्या बदलून त्याला अंतिम रूप देणाऱ्या टॅफॅझिन या विकराचं जनुक बिघडलं की बार्थ सिंड्रोम होतो. तो मुख्यतः मुलग्यांमध्ये दिसतो आणि त्यात हृदयाचा स्नायू दुबळा पडतो.

मेदाचा अधिकार याहून पुढे जातो. ई. कोलाय जिवाणूतलं लॅक्टोज आत आणणारं प्रथिन १२ सर्पिलांचं आहे. जिवाणूला फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन हा मेद बनवता येऊ नये असा बदल केला, तर या प्रथिनाचा पहिला अर्धा भाग पटलात चक्क उलटा बसतो. नंतर तो मेद पुन्हा बनू दिला की आधीच बसलेलं प्रथिन बरंचसं सुलट होतं. अमिनो आम्लांचा क्रम दोन्ही वेळा तोच.

हे सगळं माहीत असलं की शुद्धीकरणातले धोके दिसू लागतात. डोडेसिल माल्टोसाइड हे नेहमीच्या वापरातलं सौम्य डिटर्जंट. त्याचे रेणू सुमारे ०.००९ टक्के संहतीपासून पुंजके, म्हणजे मिसेल, बनवतात. पटल विरघळवायला मात्र १ टक्क्याच्या आसपास घेतात, कारण प्रथिनासोबत सगळा मेदही सामावायचा असतो. मग गुरुत्वाकर्षणाच्या १,००,००० पट बल (१,००,००० जी) येईल इतक्या वेगाने तासभर फिरवून वर उरलेल्या द्रवात जे राहील तेच विरघळलं असं धरतात. घात होतो तो पुढच्या धुण्यात. डिटर्जंट मिसेल बनण्याच्या त्या किमान संहतीच्या खाली गेलं तर प्रथिनाचा गोळा होतो. म्हणून दुप्पट-तिप्पट ठेवतात. पण तेवढ्याच द्रावणाने स्तंभ तासन्‌तास धूत राहिलं, तर आधी कडं निघून जातं आणि मग खाचेतला मेदही सुटू लागतो. अधिक शुद्ध करण्याच्या हौसेपायी इथेच सर्वाधिक नुकसान होतं. धुणं आटोपशीर ठेवावं आणि धुण्याच्या द्रावणात थोडा मेद घालावा.

मेदासह प्रथिन हवं असेल तर नॅनोडिस्क वापरतात: सुमारे १० नॅनोमीटर व्यासाची मेदाची चकती, तिला पट्टा-प्रथिनाच्या दोन रेणूंचा वेढा. इथे प्रमाण जपावं लागतं. मेद जास्त झाला तर चकत्यांऐवजी मोठ्या पुटिका, म्हणजे मेदाच्या पोकळ पिशव्या, तयार होतात, कमी पडला तर गोळे. स्टायरीन-मॅलेइक आम्लाचं बहुवारिक डिटर्जंटशिवायच पटलाचा तुकडा कापून काढतं, म्हणजे मूळ शेजारी सोबत येतात. पण कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम जरा जास्त असलं, किंवा द्रावण आम्लधर्मी झालं, की ते साक्याच्या रूपात खाली बसतं. त्यामुळे मॅग्नेशियमवर चालणाऱ्या एटीपी-पंपांसाठी ते अडचणीचं ठरतं.

प्रथिन बंद पडलं तर ते टाकून देण्याआधी एक चाचणी जरूर करावी. नमुन्याचे भाग करून एकेकात मूळ पटलातला वेगवेगळा मेद घालावा, एकात काहीच घालू नये, आणि बर्फावर थोडा वेळ ठेवून क्रियाशीलता मोजावी. एखाद्या मेदाने काम परत सुरू झालं तर कोणता शेजारी हरवला होता ते कळतं. कशानेही सुरू झालं नाही, तर घडी मोडली असण्याची शक्यता बळावते, आणि मग विरघळवण्याच्या पायरीपासून नवं डिटर्जंट घेऊन सुरुवात करावी लागते.