पडवीतला मिठू आणि फणसावरचे कावळे

गौरी-गणपती आटोपले की चाकरमानी मुंबईला परततात. चार वर्षांपूर्वी ते गेल्यावर रत्नागिरीजवळच्या आमच्या मावशीच्या पडवीत एक पिंजरा राहिला. मावसभावाच्या मुलांनी हौसेने आणलेला पोपट आता चावायचा, पहाटेपासून किंचाळायचा. मावशीला त्याची दया आली आणि तिने एका सकाळी पिंजऱ्याचं दार उघडलं. मिठू कसाबसा अंगणातल्या फणसाच्या खालच्या फांदीपर्यंत पोहोचला. पाच मिनिटांत कावळ्यांनी त्याला घेरलं. शिडी लावून खाली काढला तेव्हा तो थरथर कापत होता.

त्याला उडता का आलं नाही? त्याची पंखांची पिसं कापलेली होती. कापलेलं पीस आपल्या नखासारखं वाढत नाही. त्याचं थोटूक तसंच राहतं, आणि ते गळून पडल्यावरच तिथे नवं पीस येतं. याला बहुधा वर्ष लागतं. तोवर छातीचे उडण्याचे स्नायूही वापराविना रोडावतात.

चावणं आणि किंचाळणं हाही त्याचा दुष्टपणा नव्हे. दोन-तीन वर्षांत पोपट वयात येतो. नराच्या गळ्याला काळा-गुलाबी कंठ फुटतो तोही साधारण याच सुमारास. रानात ही ताकद थव्यात, जोडीदार शोधण्यात, ढोलीसाठी भांडण्यात खर्च होते. पिंजऱ्यात ती जाणार कुठे? काही पोपट तर स्वतःचीच पिसं उपटू लागतात. आवाजाचंही तसंच. पोपट आपले आवाज आई-बापांकडून आणि थव्याकडून शिकतो. डोळेही नीट न उघडलेलं पिल्लू ढोलीतून काढून आणलं, तर ते शिकणार आपल्याकडून. आपण ज्याचं कौतुक करतो ते ‘मिठू मिठू’ म्हणजे एका एकट्या पक्ष्याने घरातल्या माणसांनाच थवा मानणं आहे.

खाण्याचं सांगायलाच हवं, कारण इथे माया करणारेच चुकतात. मिरची पोपटाला तिखट लागत नाही. तिखटाची आग ज्या द्रव्याने होते ते पक्ष्यांना जवळजवळ जाणवतच नाही. त्यामुळे मिरचीने बिघडत नाही. बिघडतं ते रोजच्या शेंगदाणे-सूर्यफुलाच्या बियांनी: चरबी वाढते, ‘अ’ जीवनसत्त्व मिळत नाही, श्वसनमार्ग नाजूक होतो. त्यात कोकणचा पावसाळा! दमट हवेत शेंगदाण्यांना बुरशी लागते, आणि ती बुरशी पक्ष्याच्या फुप्फुसांत आणि हवेच्या पिशव्यांत घर करते. पडवीत चुलीचा धूर येत असेल तर आणखी वाईट. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई आपल्या परसात असतात, ते द्यावेत.

कंठवाला पोपट आणि खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, दोघांनाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते पाळणं गुन्हा आहे. नकोसा झालेला पक्षी स्वतः उडवून देऊ नये, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावं. पिंजऱ्यातला पक्षी चोच आणि पिसं सडवणारा विषाणू रानातल्या थव्यात नेऊ शकतो, म्हणून बचाव केंद्रात त्याला आधी वेगळा ठेवतात. मग लांबलचक जाळीदार दालनात, इतर पोपटांसोबत, उडण्याचा सराव. बसायला कमी-जास्त जाडीच्या खऱ्या फांद्या, म्हणजे पाय दुखत नाहीत. तब्येत सुधारली तरच मोकळीक. एरवी तिथेच आयुष्यभर, आणि हे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचं असू शकतं. आफ्रिकन ग्रे किंवा लव्हबर्ड तर आपल्या रानाचे नाहीतच, त्यांना सोडण्याचा प्रश्नच येत नाही.

मिठूच्या डाव्या पंखाचा सांधा आखडला होता, तो केंद्रातच राहिला. मागच्या मे महिन्यात मावशी त्याला बघून आली. तिने हाक मारली. तो वरच्या फांदीवर आणखी एका पोपटाशेजारी शेवग्याची शेंग कुरतडत बसला होता, खाली आला नाही.